ईएसपीचं पेज उघडून नाही राहिलं? आधी गाडी कुठे अडली ते पाहा

एप्रिल लागला की मला दोन प्रकारचे फोन येतात. एक, कूलरच्या ताट्या (बाजूचे ओले राहणारे पॅड) कुठून घेतल्या म्हणून, आणि दुसरा, 'भाऊ, तो कूलरवाला ईएसपी वायफायला लागूनच नाही राहिला'. यंदा दुसरेच जास्त आले. झालं असं की मागच्या उन्हाळ्यात मी खिडकीतल्या कूलरचा पंप मोबाईलवरून चालू-बंद करायचं जुगाड केलं होतं, नागपूरच्या बर्डीवरून आणलेला साधा नोडएमसीयू (ईएसपी नावाच्या वायफाय चिपचा छोटा बोर्ड), एक रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), टाकीत एक फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळी सांगणारा) आणि एक छोटंसं वेबपेज ज्यावर दोन बटनं आणि टाकीत पाणी आहे की संपलं एवढंच दिसतं, आणि ते पाहून आमच्या फ्लॅट स्कीममधल्या चार-पाच जणांनी आणि माझ्या भाच्यानेही तसंच करून घेतलं. आता सगळ्यांची तक्रार एकच, वायफाय. गंमत अशी की त्यातल्या अर्ध्याहून जास्त वेळा गडबड वायफायची निघतच नाही.

म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझा बोर्ड ईएसपी८२६६ चा आहे, भाच्याचा ईएसपी३२ चा, दोघांचे नखरे जवळपास सारखेच, फरक आहे तिथे सांगतो. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट, पंपाच्या २३० व्होल्टच्या वायरला हात लावायचा असेल तर नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. कूलरची बॉडी टिनाची, खाली पाणी, आपण अनवाणी, आणि कूलरचा करंट लागल्याची बातमी आपल्याकडे दर उन्हाळ्यात पेपरात असतेच. तपासणी चालू आहे तोवर रिलेला पंप जोडूच नका, टिक आवाज आला की पंप चालला असं समजायचं.

तर, 'वायफाय चालत नाही' म्हणजे नेमकं काय? बोर्डच नीट सुरू होत नाही, की सुरू होतो पण राउटरला लागत नाही, की राउटरला लागलाय पण मोबाईलवर पेज उघडत नाही? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. भाचा तीन दिवस राउटरचा पासवर्ड बदलत बसला होता आणि त्याचा बोर्ड तिकडे दर चार सेकंदाला स्वतःच रिसेट होत होता. फोनवरचा संवाद सांगतो.

"मामा, वायफाय कनेक्ट होऊन नाही राहिलं."
"सिरीअल मॉनिटरमध्ये काय येऊन राहिलं?"
"ते नाही पाहिलं."
"मग पाहून काय राहिला बे तू?"

सिरीअल मॉनिटर म्हणजे बोर्ड यूएसबीवरून जे बोलतो ते कॉम्प्युटरवर दाखवणारी खिडकी, आधी ती उघडा, बाकी सगळं नंतर. कोडमध्ये बॉड रेट (बोलायचा वेग) ११५२०० ठेवा आणि मॉनिटरमध्येही तोच. ईएसपी८२६६ सुरू होताना पहिल्या दोन-चार ओळी ७४८८० बॉडवर बोलतो त्यामुळे ११५२०० वर सुरुवातीला थोडा कचरा दिसतो, ते नॉर्मल आहे, घाबरू नका. पण तोच कचरा थोड्या थोड्या वेळाने परत येत असेल तर समजा बोर्ड पुन्हा पुन्हा उठतोय. अशा वेळी मॉनिटर ७४८८० वर ठेवून बघा, 'आरएसटी कॉज' (रिसेटचं कारण) म्हणून एक आकडा दिसेल, १ म्हणजे पॉवर गेली आणि आली, २ म्हणजे रिसेट पिनवरून रिसेट झाला, ४ म्हणजे वॉचडॉगने, म्हणजे कोड अडकला की बोर्ड रिसेट करणाऱ्या पहारेकऱ्याने, मारला. ईएसपी३२ सरळ स्वभावाचा आहे, तो पूर्ण वाक्यच छापतो, 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड', म्हणजे व्होल्टेज खाली पडलं. भाच्याच्या स्क्रीनवर हीच ओळ तीन दिवस येत होती.

आणि पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला. घरात पडलेल्या निम्म्या केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाची वायरच नसते.

पॉवर, पॉवर आणि परत पॉवर

यावर मी जास्त बोलणार कारण माझे स्वतःचे दोन रविवार यातच गेलेत. बोर्ड नुसता चालू असतो तेव्हा त्याला करंट फार लागत नाही, पण ज्या क्षणी वायफाय सिग्नल पाठवायला घेतं त्या क्षणी ईएसपी८२६६ एकदम १७० मिलीअँपच्या आसपास ओढतो आणि ईएसपी३२ तर २४० पर्यंत जातो, वरून रिलेची कॉइल ७० ते ८०. हे चिप बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी स्वतःच सांगते की ईएसपी३२ ला निदान ५०० मिलीअँपची सोय ठेवा. आता आपण काय करतो, जुना मोबाईलचा चार्जर, त्याला तीन मीटरची बारीक केबल, कारण कूलर खिडकीबाहेर आणि प्लग पलंगाच्या मागे.

हिशोब करून बघा. चार्जरमधून ५ व्होल्ट निघाले. बारीक केबलमध्ये थोडे गेले. बहुतेक बोर्डांवर यूएसबीच्या लाईनवर एक डायोड असतो, तिथे पाव-अर्धा व्होल्ट गेला. पुढे ५ चे ३.३ व्होल्ट करणारा एएमएस१११७ नावाचा रेग्युलेटर बसलाय, त्याला ३.३ द्यायला आत निदान ४.४ च्या आसपास हवेत. म्हणजे हातात उरलं काय? काहीच नाही. बोर्ड सुरू होतो, एलईडी लागतो, सगळं छान दिसतं, वायफाय चालू झालं की दम टाकतो. आणि मल्टिमीटर लावला तर तो शहाण्यासारखा ४.८ दाखवतो, कारण हा खड्डा मिलीसेकंदांचा असतो आणि मल्टिमीटरला तो दिसतच नाही, म्हणून 'मीटरवर तर बरोबर येऊन राहिलं' यावर विश्वास ठेवू नका.

ओळखायची एक सोपी युक्ती आहे. कोडमध्ये वायफायची पाठवायची ताकद कमी करा, ईएसपी८२६६ मध्ये 'सेट आउटपुट पॉवर' ला १० द्या, पूर्ण ताकद २०.५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) असते, आणि ईएसपी३२ मध्ये 'सेट टीएक्स पॉवर' मध्ये साडेआठ डीबीएमचा पर्याय आहे तो लावा, बोर्ड राउटरजवळ आणून ठेवा आणि चालवा. आता पटकन लागला आणि टिकला तर दोषी पॉवर आहे. मग उपाय स्वस्तातला, आखूड जाड केबल, २ अँपचा बरा चार्जर, आणि व्हीआयएन (५ व्होल्टची पिन) व ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, जमलं तर ३.३ च्या पिनजवळ अजून एक १०० चा. कॅपॅसिटरवर पट्टा असतो ती बाजू मायनस, उलटा लावला तर फुगतो आणि नशीब चांगलं असेल तर फक्त फुगतो. ब्रेडबोर्डवरच्या ढिल्या जंपरवरून पॉवर देऊ नका, पॉवरच्या दोन वायरी तरी सोल्डर करा.

पंप बंद होताना बोर्ड रिसेट होत असेल तर ती वेगळी गोष्ट. मोटर बंद होताना उलटा झटका देते आणि तो वायरींमधून, हवेतून, कसाही बोर्डापर्यंत पोचतो. रिलेला वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या, ज्या रिले मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा जंपर असतो तो काढून कॉइल वेगळी करता येते. पंपाच्या वायरी आणि सेन्सरच्या वायरी एकाच गठ्ठ्यात बांधू नका. आणि रिलेच्या कॉन्टॅक्टवर स्नबर (झटका गिळणारी जोडी) लावा, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, पण तो कॅपॅसिटर एक्स२ असा छाप असलेलाच घ्यायचा, साधा नाही, मेन्सवर साधा लावणं म्हणजे फटाका लावणं. हे जमत नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, त्यात लाज कसली.

रिले कोणत्या पिनवर लावलाय तेही पाहा. नोडएमसीयूवर डी३, डी४ आणि डी८ या पिना बोर्ड सुरू होताना आपलं काम करतात, डी३ खाली ओढला गेला तर बोर्ड अपलोड मोडमध्येच जाऊन बसतो आणि डी८ वर राहिला तर सुरूच होत नाही. ईएसपी३२ वर १२ नंबरची पिन अशीच खोडील आहे. त्यामुळे यूएसबी काढून-घालून कधी चालतो कधी नाही असं होत असेल तर रिलेची वायर काढून बघा. मी डी१ आणि डी२ वापरतो, तिथे कटकट नाही.

राउटरला लागत नाही

समजा बोर्ड शांत आहे, रिसेट होत नाही, पण मॉनिटरमध्ये नुसते टिंब टिंब टिंब येताहेत. बहुतेकांच्या कोडमध्ये ते टिंब छापणारं लूप असतं आणि त्यातून कळत काहीच नाही. टिंबाऐवजी स्टेटसचा आकडा छापा. १ आला तर त्या नावाचं नेटवर्क दिसतच नाही, ४ म्हणजे दिसलं पण जोडणी फसली, ३ म्हणजे लागला. ६ वर गोंधळ होतो, ईएसपी८२६६ मध्ये तो चुकीचा पासवर्ड आणि ईएसपी३२ मध्ये नुसतं तुटलेलं आहे एवढाच अर्थ, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून अर्थ लावण्याआधी बोर्ड कोणता ते बघा. ईएसपी३२ मध्ये डिसकनेक्टचं कारण वेगळं छापता येतं, २०१ म्हणजे राउटर सापडला नाही, २०२ किंवा १५ आलं तर पहिला संशय पासवर्डवर घ्यायचा.

१ किंवा २०१ आला तर उदाहरणांमधला 'वायफाय स्कॅन' चालवा. बोर्डाला आजूबाजूला काय दिसतं ते त्याच्याच तोंडून ऐका. तुमच्या मोबाईलला दिसतं म्हणून त्याला दिसेल असं नाही, कारण ईएसपी८२६६ आणि साधा ईएसपी३२ हे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ त्यांना कळतच नाही. (सी५ नावाचा नवा चिप ५ वर चालतो, पण आपल्या डब्यातला तो नाही.) आजकाल फायबरवाला येऊन जो राउटर लावून जातो त्यात दोन्ही बँडचं नाव एकच असतं, त्याने सहसा अडत नाही, पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे लावणाऱ्या पोराने 'स्पीड चांगला येतो' म्हणून २.४ बंदच करून ठेवलं होतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ चालू करा, नाव वेगळं द्या, शेवटी नुसतं २जी लावलं तरी चालतं, निदान कोण कुठे लागलंय ते तरी कळतं.

तिथेच असताना अजून दोन गोष्टी. सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर ईएसपी८२६६ लागणार नाही, डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हीचं मिश्रण ठेवा. आणि चॅनल 'ऑटो' वर असेल तर राउटर कधी कधी १२ किंवा १३ वर जाऊन बसतो, आपल्याकडे ते चॅनल चालतात पण काही बोर्डांच्या सेटिंगमध्ये ते धड दिसत नाहीत, मग आज लागला उद्या नाही असा खेळ होतो. १, ६ किंवा ११ यातला एक ठोकून द्या. कोणता? स्कॅनमध्ये शेजाऱ्यांचे चॅनलही दिसतात, ज्यावर गर्दी कमी तो.

नाव आणि पासवर्ड परत टाईप करा, कॉपी-पेस्ट नको. मोठी-छोटी अक्षरं वेगळी मोजली जातात, आणि एका गड्याच्या राउटरच्या नावात शेवटी स्पेस होती, मोबाईलमध्ये ती दिसत नाही ना, त्याने अख्खी संध्याकाळ घालवली. स्कॅन छापताना नावाच्या दोन्ही बाजूला कंस छापून घ्या म्हणजे लपलेली स्पेस उघडी पडते.

मोबाईलचा हॉटस्पॉट वापरून तपासत असाल तर हॉटस्पॉटचा बँडही २.४ करा. आयफोन १२ आणि त्यानंतरच्यांमध्ये त्यासाठी 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' नावाचं बटन आहे, ते चालू करावं लागतं.

हे सगळं करूनही डोकं चालत नसेल तर राउटरच मधून काढून टाका. बोर्डाला स्वतःचं नेटवर्क काढायला लावा, सॉफ्ट एपी म्हणतात त्याला, पासवर्ड निदान ८ अक्षरांचा द्या नाहीतर ते सुरूच होत नाही, मोबाईल त्या नेटवर्कला जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ टाका. यावेळी मोबाईल डेटा बंद ठेवा कारण या नेटवर्कवर इंटरनेट नाही हे कळलं की मोबाईल हुशारी करून गुपचूप डेटावर जातो आणि आपण बोर्डाला शिव्या देत बसतो. इथे पेज उघडलं तर बोर्ड ठीक, कोड ठीक, पॉवरही बहुतेक ठीक, आता राउटरकडे वळा. नाही उघडलं तर राउटरला हात लावायची गरजच नाही. माझ्या मते ही एक तपासणी बाकी दहांना भारी आहे आणि ती कुणीच करत नाही.

टिनाचा डबा

आता माझीच फजिती. टेबलावर सगळं मस्त चाललं, सात दिवस एकदाही तुटलं नाही. मग मी तो बोर्ड प्लॅस्टिकच्या डबीत घालून कूलरच्या आत, पंपाच्या वर, टिनाच्या बॉडीला आतून चिकटवला, पाणी उडू नये म्हणून सिलिकॉनही लावलं, लय भारी काम झालं असं वाटलं. संध्याकाळी ताट्या ओल्या झाल्या आणि पेज गायब.

सिग्नलची ताकद कोडमध्ये 'आरएसएसआय' म्हणून छापता येते, आकडा मायनसमध्ये येतो आणि शून्याकडे जितका जवळ तितका बरा. -५० म्हणजे राजा, -६७ पर्यंत निवांत, -७५ ला कुरकुर, -८० च्या पुढे गेला की लागला काय आणि तुटला काय. माझ्या टेबलावर -५२ होता. कूलरच्या आत -८४. आणि का नसेल, तीन बाजूंनी ओल्या ताट्या, चौथ्या बाजूला टिन, खिडकीला लोखंडी ग्रिल, मध्ये नऊ इंची भिंत. २.४ गिगाहर्ट्झला धातू अडवतो आणि पाणी पितं, आणि कूलर म्हणजे दुसरं काय, धातू आणि पाणीच. दुपारी ताट्या सुक्या असताना तो कसाबसा लागायचा म्हणून मला वाटायचं उन्हाचा परिणाम असेल. नाही हो, चिप ८५ डिग्रीपर्यंत चालायला बनलेला आहे, नवतपा त्याला काही करत नाही. उन्हात ठेवलेला स्वस्त चार्जर मात्र आधी मरतो, तो सावलीतच हवा.

मग बोर्ड बाहेर काढला, डबी खिडकीच्या लाकडी चौकटीवर घराच्या आतल्या बाजूने लावली आणि फक्त रिलेच्या व फ्लोटच्या वायरी कूलरपर्यंत नेल्या. -६६. बस, तेव्हापासून रडणं नाही. वायर लांब गेली तर चालते, अँटेना डब्यात कोंडली तर नाही चालत. बोर्डावर त्या नागमोडी रेषा दिसतात ना, ती अँटेना, तिच्या आजूबाजूला निदान दीड सेंटिमीटर मोकळं सोडा, खाली झिरो पीसीबीचं तांबं, स्क्रू, वायरींचा गुंता काहीही नको. तो भाग बोर्डाच्या काठाबाहेर निघालेला बराच. आणि आरएसएसआयचा आकडा वेबपेजवरच एका कोपऱ्यात छापून टाका, पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन खिडकीत चढावं लागणार नाही.

लागलाय, पण पेज नाही

मॉनिटरमध्ये आयपी (बोर्डाचा नेटवर्कवरचा पत्ता) आला, म्हणजे दोन पायऱ्या पार. आता मोबाईलवरून किंवा कॉम्प्युटरवरून त्या आयपीला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघा. पिंग येत नसेल तर मोबाईल आणि बोर्ड एकाच नेटवर्कवर आहेत का ते बघा. बऱ्याच जणांनी बोर्ड गेस्ट नेटवर्कवर लावलेला असतो आणि गेस्टवाले आपसात बोलू शकत नाहीत, तीच तर त्याची सोय आहे. काही राउटरमध्ये साध्या नेटवर्कलाही 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' चालू असतं, ते बंद करा. मोबाईलमध्ये व्हीपीएन असेल तर तोही.

पिंग येतं पण पेज नाही तर पत्त्याच्या आधी 'एचटीटीपी' स्वतः टाईप करा, एस न लावता. ब्राउझर आपल्या मनाने एचटीटीपीएस लावतो आणि आपला गरीब सर्व्हर ८० नंबरच्या पोर्टवर वाट पाहत बसतो. डॉट लोकलवालं नाव जुन्या अँड्रॉइडवर चालत नाही, आकड्यांचा पत्ता टाकून बघा.

पेज उघडतं पण चहा होईपर्यंत वेळ घेतं, असं असेल तर दोष बहुतेक कोडचा. साधा वेबसर्व्हर तेव्हाच उत्तर देतो जेव्हा लूपमध्ये 'हँडल क्लायंट' ला पाळी मिळते, आणि तुम्ही लूपमध्ये पाच सेकंदाचा डिले टाकून ठेवलाय, म्हणजे बटन दाबल्यावर पाच सेकंद तो झोपलेलाच. डिले काढा, 'मिलिस' ने वेळ मोजा. फ्लोट स्विच वर येईपर्यंत व्हाइल लूपमध्ये अडकून बसणारा कोड तर ईएसपी८२६६ वर तीनेक सेकंदात वॉचडॉग मारून टाकतो, आणि आपण म्हणतो वायफाय तुटलं. दुसरं, हा सर्व्हर एका वेळी एकाच गिऱ्हाईकाला घेतो, आणि क्रोम कधी कधी उगाच एक जास्तीचं कनेक्शन उघडून नुसतं धरून ठेवतो, त्यामुळे पेज काही सेकंद लटकतं. ते तेवढ्यापुरतंच असतं, त्यावर जीव टाकू नका. तिसरं, वायफायची झोप. बोर्ड वीज वाचवायला मधेमधे रेडिओ झोपवतो, आपला कूलर तर प्लगवर चालतो, मग झोप बंदच करा, ईएसपी३२ मध्ये 'सेट स्लीप' ला फॉल्स, ईएसपी८२६६ मध्ये 'नन स्लीप'. पिंगच्या वेळेत लगेच फरक दिसतो.

दोन दिवस चांगलं चालून मग अडकत असेल तर मोकळी मेमरी छापून बघा, 'गेट फ्री हीप'. अख्खं पेज स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून बनवत असाल तर मेमरीची चाळणी होते आणि एक दिवस पेजला सलग जागाच मिळत नाही. जे बदलत नाही तो भाग 'प्रोगमेम' मध्ये, म्हणजे फ्लॅश मेमरीत, टाका.

ईएसपी३२ वाल्यांना एक जास्तीची डोकेदुखी. वायफाय चालू केलं की पाण्याच्या सेन्सरचं रीडिंग बंद पडत असेल तर सेन्सर जळलेला नाही, तो एडीसी२ (अॅनालॉग रीडिंग घेणाऱ्या पिनांचा दुसरा गट) च्या पिनवर लागलाय, म्हणजे ०, २, ४, १२ ते १५, २५ ते २७ यातली कोणतीतरी. वायफाय आणि एडीसी२ एकत्र नांदत नाहीत. ३२ ते ३९ मधली पिन घ्या. ईएसपी८२६६ वर उलट आहे, ए० पिन लूपमध्ये सारखी सारखी वाचली तर वायफायच हलतं, सेकंदाला दोन-चार वेळा वाचा, पाणी काही पळून नाही चाललं.

लाईन गेली आणि आली

हा रोग मला सगळ्यात उशिरा कळला. मे महिन्यात संध्याकाळी वावधन (वादळ) सुटलं की लाईन जाते, पंधरा मिनिटांनी येते, आणि तेव्हापासून कूलरचं पेज बंद. रिसेट दाबला की चालू. मला वाटलं बोर्डच खराब झाला, नवा आणला, तोही तसाच.

झालं काय होतं, लाईन आली की ईएसपी एक-दोन सेकंदात उठून बसतो, आणि राउटरला उठून, अंग झाडून, वायफाय चालू करायला दीड-दोन मिनिटं लागतात. माझ्या कोडमध्ये वीस वेळा प्रयत्न कर आणि नाही जमलं तर पुढे जा असं होतं. दहा सेकंदात वीस प्रयत्न संपले, बोर्ड पुढे निघून गेला, राउटर नंतर आला तेव्हा त्याला विचारणारं कुणी नव्हतं. सेटअपमध्ये एकदा जोडलं म्हणजे झालं असं नसतं. लूपमध्येच दर ३० सेकंदाला स्टेटस बघा, ३ नसेल तर आधी 'डिसकनेक्ट' आणि मग परत 'बिगिन', आणि हेही मिलिसवर, अडवून धरणारं व्हाइल लूप नको, नाहीतर राउटर नाही म्हणून पंपही नाही अशी अवस्था. 'सेट ऑटो रीकनेक्ट' चालू ठेवाच पण त्याच्याच भरवशावर राहू नका. आणि दहा मिनिटं झाली तरी लागला नाही तर बोर्डाने स्वतःच रीस्टार्ट घ्यावा, फक्त रिले सुरू होताना बंद स्थितीत राहील एवढं बघून घ्या, बरेच रिले मॉड्यूल उलट्या लॉजिकचे असतात, पिन लो झाली की चालू.

लाईन येऊन बोर्ड लागला तरी पेज उघडत नाही असंही होतं, कारण राउटरने यावेळी दुसराच आयपी दिलेला असतो. राउटरमध्ये जाऊन बोर्डाच्या मॅक पत्त्याला (त्याचा कायमचा हार्डवेअर नंबर) एक आयपी बांधून टाका, 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' नावाने सापडेल. कोडमध्ये स्टॅटिक आयपी देता येतो, पण तो राउटर ज्या रेंजमधून वाटतो तिच्या बाहेरचा घ्या, नाहीतर एक दिवस तोच आयपी पाहुण्यांच्या मोबाईलला मिळतो आणि दोघेही भांडत बसतात.

घराबाहेरून, ऑफिसमधून तो १९२ वाला पत्ता उघडत नाही अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नका, तो पत्ता घरातल्या घरातच चालतो. आणि पोर्ट उघडून तो बाहेर काढूही नका, त्या पेजला ना पासवर्ड ना काही, कुणीही येऊन पंप चालवेल.

भाच्याचं शेवटी काय निघालं? केबल. त्याच्या आईच्या जुन्या फोनची, मध्ये एका ठिकाणी टेप गुंडाळलेली. ती बदलली, कॅपॅसिटर लावला, ब्राउनआउट बंद झाला, मग स्कॅनमध्ये राउटर दिसलाच नाही, तो फक्त ५ वर होता, तेही बदललं, पेज उघडलं, आणि पाच मिनिटांनी परत फोन, "मामा, पंप चालू म्हटलं की बंद होऊन राहिला." उलट्या लॉजिकचा रिले.

आमच्याकडे आता कूलरशेजारी भिंतीवर डॉक्टर टेप लावून त्यावर मार्करने आयपी लिहिलेला आहे, आईला बुकमार्क सापडत नाही म्हणून. खाली तिनेच पेनाने लिहिलंय, 'नाही चाललं तर स्विच'.